बिरादार सर हात बघतात

आमच्या नांदेडच्या कॉलेजात बाहेरून कोणी व्याख्यानाला आलं, की चहाच्या वेळी कोणीतरी खोडसाळपणे त्यांच्या कानाशी लागायचं, "ते पहिल्या रांगेत बसले होते ना, ते बिरादार सर. हात बघतात."

मग पाहुणे हळूच सरांजवळ सरकायचे. एकदा पुण्याहून आलेल्या एका बड्या प्राध्यापकांनी तर आजूबाजूला बघून उजवा तळवा सरळ सरांपुढे उघडला आणि आवाज उतरवून विचारलं, "कुलगुरुपदाचा योग दिसतो का हो?"

सरांनी तळव्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "योगाचं मला न्हाई कळत साहेब. पण तुमचा डावा हात मघाशी खोटं बोलला."

पाहुण्यांनी डावा हात पाठीमागे घेतला.

"तुम्ही म्हणालात, विजेची मागणी वाढत चालली. स्लाइडवर रेघ बी वर चालली होती. आणि हात तुमचा असा," सरांनी विमान उतरावं तसा हात तिरका खाली आणला, "खाली चालला होता. मला वाटलं, रेघेवर तुमचाच भरोसा न्हाई."

पाहुणे जेवले, पण डावा हात शेवटपर्यंत टेबलाखाली ठेवून जेवले. कढी वाढणाऱ्यालाही त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

बिरादार सर भौतिकशास्त्राचे. मूळचे उदगीरकडचे, पण उभी नोकरी नांदेडला झाली. अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेन्सिली आणि काखेत एक लांबट वही. थंडी कितीही पडो, बाही अर्धीच. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "बाही लांब असली की मनगट झाकतंय मॅडम. मनगट झाकलं की निम्मं वाक्य गेलं."

व्याख्यानाचा विषय कोणता, हे सर कधी विचारत नसत. दातांच्या डॉक्टरांचा मेळावा असो, केळीवाल्यांचं शिबिर असो, होमिओपॅथीचं अधिवेशन असो. जिथे माइक आणि पडदा लागलाय तिथे सर पहिल्या रांगेत. नांदेडात काही नसेल तर सकाळच्या एसटीनं लातूर. एकदा आमची स्टाफची सहल माहूरला देवीच्या दर्शनाला गेली. तिथे एका हॉलमध्ये पूजासाहित्याच्या दुकानदारांना आग विझवायचं प्रशिक्षण चाललं होतं. आम्ही दर्शन घेऊन, जेवून आलो तरी सर आतच. बाहेर आले ते भलत्या खुशीत. "एक जवान लई झकास बोलला. ज्वाळ अशी दाखवली बोटांनी, मी खुर्ची मागं घेतली."

तिथे बसून सर पडद्याकडे बघायचेच नाहीत. बोलणाऱ्याचे हात बघायचे आणि वहीत पेन्सिलीनं ते हात काढायचे. नुसते हात. चेहरा नाही, नाव नाही. हाताखाली एखादा शब्द. एका पानावर दोन तळवे एकमेकांवर घासताना, खाली लिहिलेलं: 'झीज'. दुसऱ्या पानावर पाच बोटं मिटताना: 'केळीचं पान, रात्री'. आणि व्याख्यान संपायच्या आत, अख्ख्या भाषणातल्या एकाच स्लाइडचा मोबाइलवर फोटो. दोन नाही, एकच.

"बाकीच्या स्लाइडींचं काय सर?"

"बाकीच्या त्यांनी बी करायला नको होत्या."

वक्त्यांच्या त्यांनी जाती पाडल्या होत्या. सुपातलं धान्य उडवल्यासारखे दोन्ही हात करणारे ते पाखडणारे. तेच तेच पुन्हा दाबत बसणारे ते कणीक मळणारे. खिशात हात घालून बोलणारे ते भाडेकरू, "कधी उठून जातील सांगता येत न्हाई." आणि पडद्याकडे तोंड करून स्लाइडवरचा मजकूर जसाच्या तसा वाचणारे, त्यांना सर काहीच नाव देत नसत. नुसते म्हणत, "पाठ बघून आलो." लेसरच्या लाल ठिपक्याला ते डास म्हणायचे. एखाद्या तरुण प्राध्यापकाचा हात घाबरून थरथरायला लागला आणि ठिपका पडदाभर नाचायला लागला, की पहिल्या रांगेतून हळूच आवाज यायचा, "मच्छरदाणी आणा."

सरांच्या स्वतःच्या वर्गात हातांचाच कारभार. चुंबकीय क्षेत्र शिकवताना ते मुलांना उजव्या हाताचा अंगठा ताठ आणि बोटं वळवून धरायला लावायचे. अंगठ्याकडे वीज, बोटांकडे चुंबक. मुलं इतकी पक्की झाली की परीक्षेत त्याच प्रश्नाला एका रांगेतल्या सोळा जणांनी एकाच वेळी अंगठे वर काढले आणि मनगटं फिरवली. नेमकं तेव्हाच भरारी पथक आलं. खुणांनी सामूहिक कॉपी चालली आहे म्हणून पथकानं सोळाही पेपर ताब्यात घेतले. सरांना बोलावणं गेलं. सरांनी पथकाच्या प्रमुखांनाच अंगठा वर करायला लावला आणि दहा मिनिटं शिकवलं. पेपर परत मिळाले. प्रमुख जाताना जिन्यात उजवा हात फिरवत, स्वतःशी पुटपुटत उतरले, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

स्टाफरूममध्ये सगळ्यांचं मत होतं, की सरांना नवं काही सोसत नाही, पडदा-प्रोजेक्टर त्यांच्या डोळ्यांत खुपतो. ते खरं नव्हतं. मला त्यांनी एकदा नीट सांगितलं होतं. "स्लाइड वाईट न्हाई मॅडम. जे जागचं हलत न्हाई ते स्लाइडवर ठेवा. नकाशा ठेवा, आकडा ठेवा. जे हलतंय ते हाताला द्या. लोक उलटं करून राहिलेत. आकडे हातानं उडवतात आणि नदीला चौकटीत बसवतात."

मी तेव्हा मान हलवली आणि विसरून गेले. मला वेळ नव्हता.

मी वैशाली कांबळे. गाव जळकोट. भूगोल शिकवते. त्या वर्षापर्यंत मी तासिका तत्त्वावर होते, म्हणजे तास घेतला तर मोजायचा, सुट्टी लागली की घरी. पीएच.डी. झाल्याशिवाय कायम होण्याची गोष्टच नको. विषय भूजलाचा होता: आमच्या भागातल्या काळ्या खडकात पावसाचं पाणी मुरतं ते कुठे जातं. चाळीस विहिरी मी चार उन्हाळे मोजल्या होत्या. पण प्रबंध देण्याआधी समितीपुढे जे सादरीकरण करावं लागतं, त्यात मी एकदा आपटले होते. अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं होतं, "हे सगळं पुस्तकात आहेच. यात तुमचं काय?" मी पुस्तकातलंच पुन्हा सांगत बसले. त्यांनी आणखी एक संधी दिली, लातूरला, पुढच्या महिन्यात. ती शेवटचीच, कारण नोंदणीची मुदत संपत आली होती.

मी सगळी भिस्त स्लाइडवर ठेवली. अठ्ठावन्न स्लाइड केल्या. ढग सरकत यायचे, थेंब टपटपायचे, निळे बाण एकेक करून जमिनीत शिरायचे. लातुरात पाण्यावर बोलायचं म्हणजे पहिल्या स्लाइडवर पाण्याच्या रेल्वेचा फोटो लागतोच, तोही टाकला. शेवटी गुलाबाचं फूल आणि 'धन्यवाद'.

एका शनिवारी दुपारी भूगोलाच्या प्रयोगशाळेत मी रंगीत तालीम ठेवली. विभागातले चार-पाच जण आले, आणि न बोलावता बिरादार सर. पहिल्या बाकावर बसले, वही उघडली. मी अठ्ठावन्न स्लाइड बेचाळीस मिनिटांत संपवल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "तेवीस नंबरची पुन्हा लावा."

तेविसावी म्हणजे खडकाचा उभा छेद. वर माती, खाली मुरूम, खाली काळा खडक, आणि त्यात सरळ खाली जाणारे निळे बाण. ते चित्र मी एका इंग्रजी पुस्तकावरून घेतलं होतं.

"बोला," सर म्हणाले.

"पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, खडकातल्या फटींतून खाली खाली जातं..."

"थांबा. हात बघा."

मी बघितला. माझा उजवा हात पोटासमोर आडवा होता, तळवा जमिनीकडे, आणि डावीकडून उजवीकडे सरकून थांबला होता.

"पुन्हा बोला."

मी पुन्हा बोलले. हात पुन्हा आडवा गेला. तिसऱ्यांदा मी ठरवून हात खाली न्यायला गेले तर वाक्यच अडखळलं.

"बाण खाली चाललाय," सर म्हणाले. "हात आडवा चाललाय. तुमच्या दोघांत कोण खरं?"

कोणीतरी हसलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "सर, समितीला प्रबंध द्यायचाय मला, हात नाही द्यायचा!" असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. सरांनी वही मिटली. "तोंडाचं सोडा मॅडम. हाताला इमान असतंय," एवढंच म्हणून ते गेले. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आणि चारही दिवस, भाजी घेताना, रिक्षाला हात करताना, माझा हात मला खुपत राहिला. तो आडवा का जातो? तो कोणाचा हात आहे?

पाचव्या दिवशी मी जळकोटला बाबांना फोन लावला. माझे बाबा तरुणपणापासून विहिरी खोदायच्या कामावर जायचे. आता गुडघे गेलेत, पण पंचक्रोशीतल्या निम्म्या विहिरींच्या तळाशी ते उभे राहिलेले आहेत.

"बाबा, विहीर खोदताना पाणी कुठनं येतं?"

"आता हे काय माय, पीएच.डी. तू करून राहिली की मी?"

"सांगा ना."

"हे बघ. वरून खोदत आलो, की काळा दगड. मग असं येतंय."

"असं म्हणजे कसं?"

"अगं असं! असं सर्रकन! हे बघ की!"

"बाबा, मला फोनवर दिसत नाही!"

"मग फोन कामून केला? घरी ये."

मी गेले. बाबा ओसरीवर बसले होते. मी विचारायच्या आत त्यांनी पोटासमोर तळवा आडवा धरला आणि डावीकडून उजवीकडे सरकवला. तो माझाच हात होता. लहानपणी रोज संध्याकाळी ते घरी आले की आई विचारायची, लागलं का पाणी, आणि बाबा असाच हात करून सांगायचे, लागलं. मी ते बघत वाढले होते. हात उचलला होता, अर्थ विसरले होते.

"काळ्या दगडाच्या खाली तांबड्या मातीचा थर लागतोय," बाबा म्हणाले. "हाताएवढा जाड. त्याच्यातनं पाणी खाली उतरत न्हाई. त्याच्या पाठीवरून चालतंय. म्हणून तर वरच्या अंगाला मोटर लागली की खालच्याच्या विहिरीचं पाणी दुपारपर्यंत बसतंय. हे कुणाला बी ठाव हाय."

मला ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे ठाऊक होतं. नांदेडला परत येऊन मी जुन्या नोंदवह्या काढल्या. चाळीसपैकी नऊ विहिरींच्या नोंदी मी 'चुकीच्या' म्हणून बाजूला काढून ठेवल्या होत्या, कारण त्यांचं पाणी पाऊस नसताना, कोणी न उपसता दुपारी उतरायचं. नऊच्या नऊ विहिरी उतारावर होत्या, आणि प्रत्येकीच्या वरच्या अंगाला मोटर होती. पुस्तकातल्या बाणासाठी मी माझ्याच विहिरी खोट्या पाडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये सरांपुढे जाऊन उभी राहिले. माफी मागायची होती, शब्द सुचेनात. मी नुसता तळवा आडवा सरकवला. सर म्हणाले, "बसा. चहा घ्या. किती स्लाइडी ठेवता?"

आम्ही अकरा ठेवल्या. गुलाब गेला. रेल्वेही गेली.

लातूरला जायच्या दिवशी सर स्वतःहून बसस्टँडवर हजर. एसटीत शेजारी बसले आणि गाडी नांदेडबाहेर पडल्यावर म्हणाले, "आता तोंड बंद करून सांगा. मला समजलं तर खरं." मग मी हातांनी माती दाखवली, खडक दाखवला, तांबडा थर दाखवला, त्यावरून चाललेलं पाणी दाखवलं. सर मध्येच हातानंच प्रश्न विचारायचे, मी हातानं उत्तर द्यायचे. कंडक्टर तिकिटाला आला, दोन मिनिटं आमच्याकडे बघत उभा राहिला, आणि मग अत्यंत अदबीनं, बोटं फिरवून, त्यानं विचारलं, कुठे? सरांनी गंभीरपणे दोन बोटं दाखवली आणि लांबवर हात केला. कंडक्टरनं सवलतीचं कार्ड आहे का म्हणून हवेत चौकोन काढला. मला हसू आवरेना. सर म्हणाले, "न्हाई हो, दोन फुल्ल लातूर द्या." कंडक्टरच्या हातातलं मशीनच खाली पडलं. पुढे अहमदपूरपर्यंत तो आमच्याकडे वळून वळून बघत होता, पण लातूरला आम्ही उतरताना म्हणाला, "ते विहिरीचं मात्र समजलं बरं का ताई. आमच्या मळ्यात बी तसंच होतंय."

समितीपुढे मी उभी राहिले. अध्यक्ष तेच. माझी छेदाची नवी स्लाइड आली, बाण आडवे होते. त्यांनी लगेच चष्मा काढला. "हे काय? मान्य पुस्तकांत पाणी खाली जातं."

मी पॉइंटर टेबलावर ठेवला. नऊ विहिरींच्या नोंदींची स्लाइड लावली आणि तिच्याकडे पाठ केली. डावा हात थर म्हणून आडवा धरला, उजवा त्याच्यावरून चालवला. वरच्या विहिरीत मोटर सुरू केली, खालची विहीर उतरवली. त्यांनी विचारलं, थर तुटला असेल तिथे? मी डाव्या हाताची बोटं फाकवली, उजव्याची बोटं त्यातून खाली सोडली, आणि तशा तीन जागा नकाशावर दाखवल्या. त्यांच्या कपाळावर आठ्या तशाच. पण मला दिसलं, टेबलावर ठेवलेला त्यांचा हात हळूच आडवा सरकत होता. पुढे, मागे, पुढे.

मी पहिल्या रांगेकडे बघितलं. सर शेजारच्याला कुजबुजत होते, पण त्यांची कुजबुज हॉलभर ऐकू जाते. "पटलं त्यांना. तोंडाला अजून पत्ता न्हाई."

प्रबंध मंजूर झाला. त्यानंतर वर्षभरात मी कायम झाले. आज मी उभी राहून चार शब्द नीट सांगू शकते, आणि समोर कोणी काही सांगायला लागलं तर त्याचं नुसतं बोलणं नाही, त्याच्यातला माणूस ऐकू शकते. हे कोणामुळे, हे मला रोज आठवतं. पण तेव्हा मला वाटत होतं, की सरांचं हे एक वेड आहे आणि माझं नशीब की ते माझ्या उपयोगी पडलं.

निकालाचं पत्र आलं त्या रविवारी मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. आमच्यापैकी कोणीच कधी त्यांच्या घरी गेलेलं नव्हतं. सर कोणाला बोलावत नसत. दार त्यांनीच उघडलं. मला बघून क्षणभर दारातच उभे राहिले. मग बाजूला झाले. "या. आता आलातच."

बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी पलंग होता. पलंगावर उशांना टेकून एक बाई बसल्या होत्या. नीट विंचरलेले पांढरे केस, उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. आणि समोरच्या भिंतीवर, झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या करून आणलेल्या स्लाइडी चिकटवलेल्या. एक दाढ. केळीच्या खोडाचा छेद. आग विझवायचा लाल नळा. आणि सगळ्यात नवी, माझी: आडवे बाण.

"ह्या आमच्या मंडळी, रत्नाबाई," सर म्हणाले. "तीस वर्षं भूगोल शिकवला, मुलींच्या शाळेत. तुमच्याच विषयाच्या. चार वर्षं झाली, लकवा मारला. हात गेला, बोलणं गेलं. बोललेलं बी भराभर असलं की कळत न्हाई. टीव्ही लावला की डोळे मिटून घ्यायची. येणारे लोक हिच्याशी लहान लेकरावानी ओरडून बोलायचे, न्हाईतर हिला सोडून माझ्याशीच. मग हिनं भिंतीकडे तोंड केलं. लोकांना बोलावणं मी बंद केलं."

ते पलंगाच्या कडेला बसले.

"एक दिवस दातवाल्यांच्या मेळाव्यातनं आलो. असंच, गंमत म्हणून, दात कसा किडतो ते हातानं दाखवलं. तर ही हसली. सहा महिन्यांनी हसली. मग काय मॅडम, जिथं माइकचा आवाज येईल तिथं जाऊन राहिलो. वहीत हात घेऊन यायचे, एक चित्र आणायचं. संध्याकाळी हिच्यासमोर व्याख्यान. लई कडक श्रोता हाय. हात चुकला तर तोंड फिरवते."

मी काकूंना नमस्कार केला. काय बोलावं कळेना, आणि मग कळलं की बोलायची गरजच नाही. मी भिंतीवरच्या माझ्या चित्राजवळ गेले आणि हातांनी सांगायला लागले. सर उठायला गेले तर काकूंनी डाव्या हातानं त्यांना खाली बसवलं. नजर माझ्या हातांवर. पाऊस, माती, काळा दगड, तांबडा थर, त्यावरून चालणारं पाणी. वरच्या विहिरीची मोटर. खालची विहीर रिकामी.

माझं संपलं. काकूंनी डावा हात उचलला. आधी वरची विहीर दाखवली. मग बोट उताराउतारानं खालच्या विहिरीशी आणलं. तळवा उलटा करून झटकला: रिकामी. मी मान डोलावली. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ते त्यांना समजलं होतं, त्यांना पुढचं हवं होतं. त्यांनी पुन्हा रिकामा तळवा दाखवला, मग दोन बोटं चादरीवर चालवली, पलंगाच्या काठापर्यंत. तिथे थांबल्या. भुवया वर करून माझ्याकडे बघितलं.

त्या खालच्या माणसानं कुठं जायचं?

समितीतल्या कोणी हे विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. गेली पाच वर्षं मी ज्या कामात आहे, ते या प्रश्नापासून सुरू झालं. पण त्या दिवशी मी दोन्ही तळवे उघडे करून त्यांच्यापुढे धरले. माहीत नाही, काकू.

त्यांनी ते उत्तर मान डोलावून घेतलं. चुकीचं उत्तर ठोकून देणाऱ्या मुलीपेक्षा खरं सांगणारी बरी, असा शाळेतल्या बाईंचा चेहरा.

"चार वर्षांत," सर म्हणाले, "माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला तिनं काही विचारलं न्हवतं."

मग ते एकदम उठले. पेढ्यांसाठी बशी आणतो म्हणाले आणि आत गेले. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. बशी काही येईना. नळ चालूच. मी जावं म्हणून उठले, तर काकूंनी हात हलवून मला थांबवलं. आतल्या खोलीकडे बोट केलं. मग तेच बोट आपल्या डोळ्याखाली ठेवून गालावरून हळूच हनुवटीपर्यंत ओढलं, आणि पलंगावर आपल्या शेजारी दोनदा थोपटलं. बस.

मी बसले. आत नळ वाहत होता, आणि आमच्या भागात कोणी नळ असा वाहू देत नाही.